नऊ अंडी आणि एक कोरडा टॉवेल

कडककाकांचा उजवा गाल डाव्यापेक्षा जरा तांबूस आहे. चाळीस वर्षं रोज सकाळी निखाऱ्यांनी भरलेली इस्त्री त्या गालापाशी न्यायची, चार बोटांवर थांबवायची, डोळे मिटायचे आणि ठरवायचं, की आत्ता हिला सुती चालेल, रेशीम चालणार नाही. अंदाज आजवर चुकलेला नाही. पुढे ही खोड सगळीकडेच पसरली. काका कलिंगड घेताना गालाला लावतात, चहाचा कप गालाला लावतात, नवी उशी आणली की तिलाही गाल लावून बघतात. उशीच्या बाबतीत निदान ते शोभून तरी दिसतं.

'कडक' हे नाव त्यांना घडीमुळे पडलं. परीटघडी हा शब्द लोक सहज वापरून टाकतात; काकांच्या घडीपुढे तो जरा तोकडाच पडतो. त्यांनी इस्त्री केलेल्या बाहीच्या रेघेवर पेन्सिलीला टोक काढता येईल, असं गिऱ्हाइकं म्हणतात. माणूस मात्र दहा वेळा धुतलेल्या रुमालासारखा मऊ. गिऱ्हाइकाशी वाद घालायचा झाला तर काका आधी त्याला बसायला स्टूल देतात, मग पाणी देतात, आणि तोवर वाद कशाचा होता ते विसरतात.

पुढची खोली दुकान, मधली खोली संसार, आणि मागे अंगण. अंगणात पाण्याची टाकी, दोन धुण्याचे दगड, एक मोठा पत्र्याचा टब, सहा दोऱ्या आणि कडेला पत्र्याची शेड. सहाही दोऱ्यांवर चादरी पडल्या की अंगण पांढऱ्या खोल्यांचं होऊन जायचं. एका खोलीत ऊन, दुसरीत सावली, तिसरीत काकू, म्हणजे काकांची बायको, चिमटे तोंडात धरून उभ्या. वारा आला की भिंती हलायच्या आणि घराचा नकाशा बदलायचा. दुपारी दोनच्या सुमाराला, शेडमधल्या इस्त्रीच्या टेबलावरून वाफ उठायला लागली की काकांचे डोळे अर्धे मिटायचे. हात चालू राहायचा. झोपेत चालणारी माणसं असतात, तसे काका झोपेत इस्त्री करत, आणि आजवर त्यांनी झोपेत एकही बटण तोडलेलं नाही.

त्यांच्या धंद्याचं सगळं शास्त्र एका वाक्यात मावायचं. ओल्याची आणि कोरड्याची सोयरीक लावायची नाही. हे वाक्य त्यांना फार महागात मिळालं होतं. सोळाव्या वर्षी, वडिलांच्या हाताखाली असताना, घाईघाईत त्यांनी डॉक्टरांचा पांढरा कोट आंबटओला असतानाच घडी घालून गठ्ठ्यात सरकवला. चार दिवसांनी उघडला तर पाठभर काळे ठिपके, मोहरी सांडल्यासारखे. वडिलांनी डॉक्टरांना नवा कोट शिवून दिला आणि जुना दुकानातल्या खिळ्याला टांगला. तो सहा वर्षं तिथे होता. काका रोज सकाळी दुकान उघडायचे आणि कोट त्यांच्याकडे पाठ करून उभा असायचा. आता वडील नाहीत, कोटही नाही. खिळा आहे.

बदकं घरात आली ती धुण्याच्या टोपलीतून. पोस्टमास्तरांची बदली झाली होती. त्यांनी शेवटचे कपडे म्हणून टोपली पाठवली, वर एक टॉवेल. काकूंनी नेहमीसारखा आत हात घातला आणि आतल्या कपड्यांनी त्यांना चावा घेतला. टॉवेल काढला तर पांढरी शुभ्र जोडी आणि एक चिठ्ठी, की नव्या घराला अंगण नाही, तुम्हाला आहे. नराच्या डोक्यावर टोपी घातल्यासारखा काळा डाग होता, म्हणून तो साहेब. ती अर्थातच बाईसाहेब. काका म्हणाले, आठवडाभर ठेवू आणि कुणालातरी देऊ. संध्याकाळी काकूंनी दाण्याची वाटी हलवून हाक मारली, "चला साहेब, चला बाईसाहेब," आणि दोघं डुलत डुलत शेडमध्ये गेले. देण्याची गोष्ट तिथेच मिटली. ही दोन वर्षांपूर्वीची हकीकत.

काकू हाक रोज त्याच सुरात मारायच्या. मुलगी लग्न होऊन लांब गेल्यापासून संध्याकाळी हाक मारायला घरात तसं कुणी नव्हतंच. काका तर हाक मारायच्या आत हजर असत.

यंदा बाईसाहेबांनी पहिल्यांदा अंडी घातली, आठ. काकांना वाटलं, आपणही काहीतरी करावं. अंड्यांना चिखल लागला होता आणि चिखल लागलेली वस्तू काकांच्या घरात एक रात्र राहू शकत नाही. त्यांनी आठही अंडी साबणाच्या कोमट पाण्यात धुतली, पुसली, उन्हात वाळवली आणि लहानमोठी लावून परत ठेवली. बाईसाहेब महिनाभर निष्ठेनं बसल्या. पिल्लू एकही निघालं नाही. शेवटी एक अंडं फुटलं तेव्हा वासानं गिऱ्हाइकं दुकानातून पायाला पाय लावून पळाली. गल्लीत अंडी विकायला येणारी मावशी लहानपणी बदकं पाळणाऱ्या घरात वाढलेली. तिनं मग सांगितलं, की अंड्यावर न दिसणारं अस्तर असतं, ते धुतलं की आत घाण शिरते. "दादा, देवानं कपडे करून पाठवलेत, तुम्ही कशाला धुताय?" ती म्हणाली. काकूंना हसू आवरेना. ते पुढे महिनाभर पुरलं.

तो महिना संपला आणि फाटकाचा दिवस उजाडला.

बाईसाहेबांनी शेडमध्ये, इस्त्रीच्या टेबलाखाली, जुन्या चादरींच्या ढिगाआड पुन्हा घरटं धरलं होतं. दिवसाला एक अंडं. त्या दिवशी काका स्टेशनजवळच्या लॉजच्या चादरी पोचवायला निघाले. दोन्ही हातांत हनुवटीपर्यंत गठ्ठा. मागचं फाटक त्यांनी पायानं ढकललं. गठ्ठा सायकलला बांधून परत येऊ आणि कडी घालू, असं मनाशी म्हणाले. गठ्ठा बांधला. सायकल हलली. मन पुढे गेलं, कडी मागे राहिली. तासाभरानं परत आले तेव्हा गल्लीतलं कुत्रं लांब बसून जिभल्या चाटत होतं आणि काकू रस्त्यावरची पिसं एकेक करून वेचत होत्या. पांढरी, आणि थोडी काळी.

काकू त्या दिवशी एकच शब्द बोलल्या. "फाटक."

त्यानंतर तो शब्दच घरातून गेला. आधी दिवसातून चारदा यायचा. लावलंत का, बघा जरा, वारा आहे. आता काका फाटकाकडे गेले की काकू दुसरीकडे बघायच्या. भांडण नव्हतं. जेवण वेळेवर, चहा वेळेवर, चिमटे वेळेवर. फक्त संध्याकाळी वाटी हलवताना काकू "चला" एवढंच म्हणायच्या, आणि बाईसाहेब थोडं थांबायच्या, उरलेल्या हाकेची वाट बघत असल्यासारख्या. काकांना वाटायचं, त्यापेक्षा बायकोनं एक कोट खिळ्याला टांगला असता तर बरं झालं असतं.

पुढच्या आठवड्यात बाईसाहेबांनी पोटाची मऊ पिसं उपटून घरट्यात अंथरली आणि त्या खुडूक बसल्या. अंडी नऊ. साहेबांची शेवटची. मावशीनं अंगणात येऊन सगळं समजावलं. अठ्ठावीस दिवस. धुवायचं नाही. हलवायचं नाही, ती चोचीनं हलवते. रोज एकदा ती उठेल, अंडी पिसांनी झाकेल, खाईल, टबात डुंबेल, परत येईल. अडवायचं नाही. अंडी गार पडू द्यायची नाहीत. तेवढ्यात पलीकडच्या गल्लीतून कुणीतरी अंडी मागितली आणि मावशी टोपली उचलून गेली. काकांच्या डोक्यात सगळ्यात शेवटचं वाक्य राहिलं. गार पडू द्यायची नाहीत. गारवा म्हणजे काय, हे काकांना कुणी शिकवायला नको होतं. गारवा ओल्यातून येतो.

आता धंद्यातली एक रीत सांगायला हवी. काकांकडे प्रत्येक घराची खूण असते, कॉलरच्या आत, शाईनं. शाळेतल्या मास्तरांची तीन टिंबं, डॉक्टरांची फुली, लॉजचा गोल, बेकरीवाल्याच्या दोन आडव्या रेघा, शिंप्याची चौकट. अंडी ओळखू यावीत म्हणून काकांनी त्यांच्यावरही खुणा केल्या, पेन्सिलीनं, श्वास रोखून. दुसरं काही त्यांना सुचणं शक्यच नव्हतं. नवव्या अंड्यापाशी हात थांबला. मग त्यावर त्यांनी घरच्या कपड्यांची खूण काढली, एक बारीक पान.

काकूंनी लांबून पाहिलं आणि विचारलं, "शाई नाही ना वापरली?"

साहेब गेल्यापासूनचा हा पहिला प्रश्न. काका त्यावर दिवसभर तरंगत होते.

आठव्या दिवशी मावशीच्या सांगण्यावरून अंडी बघायची ठरली. बाईसाहेब डुंबायला गेल्याबरोबर दोघांनी एकेक अंडं मधल्या खोलीत आणलं आणि भर दिवसा जाड रजई डोक्यावरून घेतली. आत काळोख, घाम आणि नव्या साबणाचा वास. काकूंच्या हातात टॉर्च, काकांच्या हातात मास्तरांचं अंडं. टॉर्च खालून लावला आणि अंडं पेटलं. आत लाल धाग्यांचं काम होतं, एवढं बारीक, की कुठल्या सुईनं केलं असेल असं वाटावं, आणि मधोमध एक काळा टिपका. दोघं बघत असतानाच टिपका उडाला.

"हलला," काकू म्हणाल्या.

"मी नाही हलवला."

"तुम्हाला कोण म्हणतंय."

रजईखाली दोघांचे गुडघे एकमेकांना टेकले होते. बाहेर चादरी फडफडत होत्या, आणि काकांना वाटलं, आपण दोघंही कुठल्यातरी मोठ्या अंड्यात बसलो आहोत आणि बाहेरून कुणीतरी दिवा लावून बघतंय, की यांच्यात काही हलतंय का. डॉक्टरांचं आणि शिंप्याचं अंडं रिकामं निघालं, नुसता पिवळा उजेड. बाकी सातांत धागे होते. पानाच्या अंड्यातही. ते पेटल्यावर काकूंनी टॉर्च जरा जास्त वेळ धरून ठेवला.

तिथून पुढे काका अर्धे स्वप्नातच वावरले. गालापाशी नेलेली इस्त्री तिथेच विसरायची, निखारे विझायचे. मास्तरांनी विनयानं विचारलं, की हल्ली कॉलर थोडी मऊ येते, काही नवी पद्धत आहे का. काकांनी त्यांना स्टूल दिलं, पाणी दिलं. दुपारी झोपेत हात चालायचा आणि चादर पाणी व्हायची. लांबवर पसरलेलं, सुरकुत्या पडलेलं पाणी. काका इस्त्रीची होडी करून ते सपाट करत जायचे आणि मागून कोणीतरी ओळीनं पोहत यायचं. मोजायला वळले की जाग यायची.

पण जागेपणी त्यांचं एक काम चोख होतं. बाईसाहेब रोज सकाळी घरट्यातून उठत, खोळंबलेलं एक प्रचंड कार्य अंगणाच्या मधोमध उरकत, ज्याच्या वासानं चादरीही बाजूला सरत असाव्यात, आणि मग टबात उतरत. मान बुडव, पंख झाड, पोट घास. दहा मिनिटांनी निथळत निघाल्या, की वाटेत काका टॉवेल घेऊन उभे. कोरडा, आणि इस्त्रीनं कोमट केलेला. पहिल्या दिवशी बाईसाहेबांनी त्यांचा अंगठा फोडला. दुसऱ्या दिवशी मनगट. पाचव्या दिवशी त्या टॉवेलासमोर येऊन उभ्या राहिल्या आणि मान वर करून पोट पुसून घेऊ लागल्या, जशा काही जन्मापासून नोकरचाकर बघितलेत. काकांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. रोज ते घरट्याच्या कडेचं गवतही बदलायचे आणि नव्या गवतावरून आधी इस्त्री फिरवायचे.

काकू म्हणाल्या होत्या, तिला पाणी आवडतं. काका म्हणाले, अंड्यांना नाही आवडत. तिसऱ्या आठवड्यात हवा जरा गार झाली, तेव्हा काकांनी टबच पालथा घातला आणि प्यायला एक वाडगं ठेवलं. बाईसाहेब पालथ्या टबावर चढून बसल्या आणि दहा मिनिटं काकांकडे एका डोळ्यानं बघत राहिल्या. मग दुसऱ्या डोळ्यानं. अंडी गार पडली नाहीत. घरट्यातलं गवत तर कसं, हातात घेतलं की कुरकुरायचं.

सव्विसाव्या दिवशी बाईसाहेब बोलायला लागल्या. घशातल्या घशात, पोटाखाली बघून, एखादी बाई कपडे मोजताना पुटपुटते तसं. काकांनी हळूच हात घालून एक अंडं काढलं आणि सवयीनं गालाला लावलं. आतून कोणीतरी त्यांच्या गालावर टकटक केलं.

ते कितीतरी वेळ तसेच उभे राहिले. काकूंनी काय झालं म्हणून विचारलं तर त्यांनी अंडं त्यांच्या गालाला लावलं. काकूंनी डोळे मिटले. त्या हसल्या नाहीत, पण चेहरा वाळत घातलेला होता तो कुणीतरी दोरीवरून काढून घेतल्यासारखा झाला.

अठ्ठाविसाव्या दिवशी सकाळी सहा अंड्यांवर टवके उडालेले होते, चांदणीसारखे. पानाचं अंडं तेवढं गप्प होतं. काकांनी दुकान उघडलंच नाही. बाहेर 'आज बंद' अशी पाटी लावली. चाळीस वर्षांत दुसऱ्यांदा. पहिल्यांदा, मुलगी झाली तेव्हा. दुपार झाली, चांदण्या तेवढ्याच होत्या. संध्याकाळ झाली, तरी तेवढ्याच. दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी लॉजचं अंडं उचलून पाहिलं. टवक्यातून आतला पापुद्रा दिसत होता. पांढरा नव्हता, पिवळट होता, कागदासारखा, आणि आतल्या चोचीला असा चिकटलेला, की चोच उघडायला जागाच नव्हती. आवाज येत होता, पण बारीक. काकूंनी मावशीला आणायला पायांत चपला अडकवल्या त्या दोन वेगवेगळ्या.

मावशी आली, तिनं घरटं पाहिलं, गवत हातात घेतलं, ते कुरकुरलं. मग तिची नजर खिडकीतल्या टॉवेलावर गेली. हे काय, असं तिनं विचारलं. काकांनी सांगितलं, आणि सांगताना त्यांना थोडा अभिमानही वाटत होता. मावशी उंबऱ्यावर बसली.

"दादा, ती भिजून येते ती कशाला? अंड्याला लागणारं पाणी ती पोटाला लावून आणते. तुम्ही ते रोज पुसून घेतलंत?"

काकांना खिळा दिसला. त्यावर साहेबांची पिसं, त्याच्यावर आठ धुतलेली अंडी, त्याच्यावर टॉवेल. एका खिळ्यावर किती टांगायचं.

मावशी म्हणाली, सोलून काढायच्या भानगडीत पडू नका. पापुद्र्यात रक्त असतं, ओढलात तर पिल्लू हातात जाईल. ओल मिळाली तर सैल होईलही. एवढं सांगून ती जायला निघाली, कारण विकायची अंडी उन्हात राहून चालणार नव्हती. फाटकापाशी वळून ती काकूंना म्हणाली, की ताई, याच्याहून जास्त मलाही येत नाही.

काकांनी लॉजचं अंडं पुन्हा उजेडात धरलं. पापुद्रा ताणलेला, कडक, चिकटून सुकलेला. त्यांनी तो नखानं नाही, नजरेनं चाचपला, आणि त्यांच्या कपाळावरची घडी हळूहळू उलगडली.

"अगं," ते म्हणाले, "ही खळ आहे."

खळ जास्त झालेलं कापड असंच होतं. घडीला घडी चिकटते, ओढलं की फाटतं. नवशिका ओढतो. जाणता काय करतो? कोमट पाण्याचा वाडगा घेतो, बोटं बुडवतो, दवासारखा शिडकावा करतो, भिजवत नाही, मग सैल गुंडाळून ठेवतो आणि दुसऱ्या कामाला लागतो. ओल आपली आपण धाग्याधाग्यातून चालत जाते. घाई केली की डाग, वाट पाहिली की कापड आपणहून सुटतं. काकांनी आयुष्यात दुसरं केलं काय होतं?

काकूंनी वाडगा धरला. काकांनी आधी पाणी गालाला लावून पाहिलं, मग बोटं बुडवली. पहिला शिडकावा टपोऱ्या थेंबांचा पडला, शिकाऊ मुलाच्या हातून पडावा तसा. काकूंनी मोकळ्या हातानं त्यांचं मनगट धरलं. जोरात नाही, नुसतं. दुसऱ्या वेळी हातातून धुकं निघालं.

सातही अंड्यांवर शिडकावा करून झाल्यावर काका अंगणात गेले, टब सुलटा केला आणि काठोकाठ भरला. बाईसाहेब घरट्यातून उठल्या. टबापर्यंत त्या चालत गेल्या नाहीत, उडत गेल्या. आणि मग त्यांना वेळेचं भानच राहिलं नाही. इकडे अंडी उघडी, तिकडे बाईसाहेब आठवडाभराच्या अंघोळी एकदम उरकतायत. काका दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे होते, कारण एक हात आपोआप टॉवेलाकडे जात होता.

त्या निघाल्या तेव्हा खांबावरून पाणी गळावं तसं त्यांच्यावरून पाणी गळत होतं. नेहमीच्या वाटेवर काका उभे असल्यानं त्यांनी दुसरी वाट धरली. शेडमधल्या खालच्या फळीवर लॉजच्या इस्त्री केलेल्या चादरींचा गठ्ठा होता. बाईसाहेब त्यावर चढल्या, वरच्या चादरीवर एकदा थांबल्या, अंग झाडलं आणि पलीकडे उतरल्या. पांढऱ्यावर चिखलाची तीन पावलं, जाळीदार, ठसठशीत. काका बघत राहिले. पण त्यांनी हात सोडले नाहीत. बाईसाहेब ओल्या पोटानं अंड्यांवर बसल्या, सरकल्या, पुन्हा बसल्या, आणि पोटाखालून बारीक कुरकुर ऐकू आली.

दर दोन तासांनी शिडकावा. मधल्या वेळात काका काहीच करत नव्हते, आणि हे काम त्यांना इस्त्रीपेक्षा जड गेलं. उन्हं कलायला लागली तेव्हा लॉजच्या अंड्याचा पापुद्रा पुन्हा पांढरा झाला होता, ओल्या मलमलीसारखा. चोच हलली. टवका वाढला, रेघ झाली, रेघ गोल फिरली, आणि शिवण उसवावी तशी टोपी बाजूला पडली. आतून जे बाहेर पडलं ते पिल्लू कमी आणि पिळून टाकलेलं फडकं जास्त दिसत होतं. काकांचा हात पुन्हा टॉवेलाकडे गेला. काकूंनी नुसतं बघितलं. हात परत आला. बाईसाहेबांनी फडकं पोटाखाली घेतलं, आणि तासाभरानं बाहेर डोकावलं ते पिवळं, फुगलेलं, एकही चुणी नसलेलं. काकांना मानावं लागलं, की हे काम त्यांच्याहून चांगलं झालंय.

सकाळपर्यंत पाच झाली. बेकरीवाल्याच्या अंड्यातून निघालेल्याच्या डोक्यावर काळा टिपका होता. मास्तरांच्या अंड्यात टवक्यापर्यंत आलेली चोच तिथेच थांबली, ती हललीच नाही. पानाचं अंडं शेवटपर्यंत गप्प राहिलं. बाईसाहेब दोन दिवसांनी पाच पिल्लं घेऊन उठल्या आणि त्यांनी त्या दोघांकडे वळून पाहिलं नाही. काकांनी टाकीमागे खड्डा काढला.

"पान राहिलं," काकू म्हणाल्या.

"राहिलं."

मग काकूंनी माती सारखी केली, पायानं नाही, हातानं, आणि उठताना काकांच्या खांद्याचा आधार घेतला.

टबाचा काठ पिल्लांना उंच पडत होता. काकांनी इस्त्रीच्या टेबलाची जुनी फळी काढून तिरकी लावली. पाच पिल्लं ओळीनं चढली आणि पाण्यात पडली, आणि दुपारच्या वाफेत काकांनी वळून मोजलं तर जाग आली नाही, कारण ते जागेच होते. लॉजची चादर त्यांनी तीनदा धुतली. दोन पावलं गेली, तिसरं उशीच्या बाजूला अगदी पुसट राहिलं, माहीत असल्याशिवाय दिसू नये एवढं. त्यांनी ती तशीच घडी घालून पाठवली. स्टेशनजवळच्या त्या लॉजमध्ये कुणी ना कुणी अजून त्या चादरीवर झोपत असेल, आणि सकाळी उठून विचार करत असेल, की आपल्याला पाण्याचं स्वप्न का पडलं.

फळी लावली त्या संध्याकाळी काकूंनी वाटी हलवली. "चला बाईसाहेब," म्हणाल्या, आणि थांबल्या. ओळीत शेवटी, काळा टिपका डोक्यावर घेऊन एक जण चुकलेल्या दिशेला चालला होता. काकूंनी वाटी पुन्हा हलवली. "चला साहेब, इकडे."

काका शेडच्या दारात होते. त्यांनी ऐकलं नसल्यासारखं केलं आणि एक कॉलर, जी आधीच झाली होती, पुन्हा इस्त्रीखाली घेतली.

मागून काकूंचा आवाज आला, नेहमीचा, जरा चढा.

"फाटक लावलंत का?"

"लावलंय."

"बघा जरा. वारा आहे."

वारा नव्हता. चादरी सरळ लोंबत होत्या. काकांनी इस्त्री उभी केली आणि चादरींच्या खोल्यांमधून ते फाटकाकडे गेले. कडी लावलेलीच होती. त्यांनी ती काढली आणि परत लावली.